अत्तर नको, उद्या टेस्टिंग आहे

माझं नाक माझ्या सख्ख्या भावानं फोडलं. मूठ मारून. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, शिरूरच्या आमच्या घरात, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या देखत. हे आधीच सांगून टाकते, कारण घरच्यांनी ही गोष्ट इतक्यांदा आडवळणानं सांगितलीय की ऐकणाऱ्याला वाटावं, नाक आपलं आपणच फुटलं.

आमच्या घरात हात आधी सुटतो, तोंड मागाहून. आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांनी रागानं भिरकावलेल्या तांब्याचा खळगा अजून स्वयंपाकघराच्या भिंतीत आहे. मीही काही गरीब गाय नव्हते. लहानपणी एका कैरीच्या फोडीवरून मी दादाच्या हाताला अशी कडकडून चावले की रक्त निघालं. त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर, करंगळीच्या मुळाशी, माझ्या दातांची अर्धी चंद्रकोर आजही दिसते. त्यानं मला पोळपाट फेकून मारला. मग आईनं दोघांना बडवलं आणि संध्याकाळी आम्ही एकाच ताटात जेवलो. आमचं प्रेम हे असलं.

मी सणसवाडीच्या पट्ट्यातल्या एका छोट्या बिअरच्या कारखान्यात नोकरी करते. मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी झाले तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, पोरगी दवाखान्याच्या लॅबमध्ये लागेल. लागले बिअरच्या लॅबमध्ये. लग्न दौंडला झालं. नवरा रेल्वेत, गाडीवर असतो. दौंडहून रोज जाणं-येणं जमेना म्हणून आठवडाभर माहेरी शिरूरला राहायचं, तिथून कंपनीच्या बसनं कामावर जायचं आणि शनिवारी एसटीनं दौंड गाठायचं, असं ठरलं. आता तुम्हीच बघा, लग्न झालेली नणंद माहेरी राहते आणि वर बिअरच्या कारखान्यात जाते. वहिनीला लोकांचं काय काय ऐकून घ्यावं लागत असेल, हे मला कळत नव्हतं असं नाही.

माझं खरं काम नाकाचं. रोज सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही चार-पाच जण टेबलाभोवती बसतो. समोर लहान ग्लास. आधी रंग बघायचा, मग ग्लास हातात धरून जरा ऊब द्यायची, मग छोटे छोटे वास घ्यायचे. कुत्रं हुंगतं ना, तसेच. मग घोट. तोही गिळायचा. वाइनची पारख करणारे थुंकतात म्हणे, पण बिअर गिळल्याशिवाय कळत नाही. तिचा कडवटपणा घशाच्या मागच्या बाजूला उतरतो. हे मी घरी एकदा समजावून सांगितलं, तीच चूक झाली. त्या दिवसापासून दादा गावभर सांगत सुटला, "आमची बाई सकाळी सकाळी ढोसती."

आणि हा सांगणारा कोण? मार्केट यार्डात कांद्याची आडत चालवणारा आणि दर संध्याकाळी घोड नदीचा पूल ओलांडून ढाब्यावर स्ट्राँग बिअर रिचवणारा! वास न घेता, चव न घेता, थेट बाटलीतून. त्यानं प्यायलं की तो थकलेला असतो. मी घोटभर चाखलं की घराण्याचं नाक कापलं. तिडीक जायची डोक्यात. आजही जाते.

त्या हिवाळ्यात मी माझी स्वतःची बिअर उभी करत होते. रायची. राय हे एक धान्य आहे, गव्हाच्या नात्यातलं, पण अंगानं बारीक, रंगानं करडं आणि स्वभावानं तिरसट. बार्लीबरोबर ते घालून बिअर केली की तिला एक तिखटसर, मिऱ्यासारखा झटका येतो. पण राय नुसतं घालून भागत नाही. गरम पाण्यात पडलं की त्याची चिकट खळ होते, टाकीची जाळी गच्च बसते आणि रस खाली उतरेनासा होतो. पहिल्या खेपेला सगळं अडकलं तेव्हा बिहारचे दोन कामगार आणि मी, तिघांनी लाकडी वल्ही घेऊन त्या लगद्याला अक्षरशः बदडून काढलं. वाफेनं माझं मनगट भाजलं. एकानं वल्हं मोडलं. मी त्या टाकीला ज्या शिव्या दिल्या त्या आबांकडून शिकलेल्या होत्या. दुसऱ्या खेपेला बाटल्यांत गॅस जास्त झाला आणि गोदामात एकामागून एक बाटल्या फुटल्या. काचेचा एक तुकडा माझ्या कानाजवळून जाऊन दाराच्या चौकटीत रुतला.

पण वास! तो मला पहिल्यापासून पक्का ठाऊक होता. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं. वाळवून, दाबून, हिरव्या गोळ्या होऊन येतात, जनावरांच्या पेंडीसारख्या. पाकीट फोडलं की नाकात शिरतो तो संत्र्याच्या सालीचा वास आणि त्याच्या मागून ओल्या, नुकत्या कापलेल्या हिरव्या पाल्याचा. मला तो वास वर हवा होता, आणि खाली, घोट उतरताना, बाजरीच्या भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याची चव. आईची भाकरी चुलीवर जिथे थोडी जास्त भाजते तिथली. वर संत्रं, मध्ये कडू, खाली भाकरी, शेवटी मिरी. दोन वर्षं मी एवढंच डोक्यात घेऊन फिरत होते.

तिसरी खेप जमली. निदान टाकीतून काढलेल्या घोटावरून तरी जमल्यासारखी वाटली. शेवटची चाखणी संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी सकाळी ठरली. मालक पुण्याहून येणार होते. त्या टेबलावर मी हो म्हटलं तर बिअर बाटलीत जाणार, नाही म्हटलं तर गटारात. माझा शब्द शेवटचा. असा मान मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता.

आणि आदल्या संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू निघालं.

अशा मोठ्या चाखणीच्या आदल्या दिवसापासून आमच्यात सोवळंच असतं म्हणा ना. वासाचं तेल नाही, पावडर नाही, गजरा नाही, कच्चा कांदा नाही. अत्तर तर नाहीच नाही. हाताला लागलेलं अत्तर दुसऱ्या दिवशीपर्यंत जात नाही, साबणानं घासा नाही तर राखेनं. ग्लास तोंडाजवळ नेला की आधी तेच नाकात. मी आईला सकाळीच सांगून ठेवलं होतं, "मी वाण देईन, तिळगूळ देईन, पण मला गजरा-बिजरा नको." आई म्हणाली, "बरं बाई." आईचं 'बरं बाई' म्हणजे ऐकलंच नाही, असं समजायचं.

बायका जमल्या. वहिनीची आई नगरकडून खास आली होती. तिनं येताना केवड्याच्या अत्तराची कुपी आणली होती आणि घरच्या सुनेची आई म्हणून अत्तर लावायचं काम तिच्याकडे होतं. एकेकीचा हात उलटा धरायची, मनगटाच्या पाठीवर काडी फिरवायची, वर गुलाबपाणी. अख्खी खोली केवड्यानं भरून गेली. मी दाराशी वाऱ्यात उभी होते. ती माझ्यापाशी आली.

"मावशी, मला नको. उद्या टेस्टिंग आहे माझं."

"कसलं गं?"

मी उत्तर द्यायच्या आत कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "बिअरचं!" आणि दोघी-तिघी फिस्सकन हसल्या.

मावशीचा चेहरा उतरला. तिच्या बाजूनं बघितलं तर तिचंही बरोबरच होतं. हळदीकुंकवाला सवाष्णीनं अत्तराला नाही म्हणायचं म्हणजे लावणारीच्या तोंडात मारल्यासारखं. त्यातून दारूसाठी नाही म्हणायचं! ती म्हणाली, "म्हंजी माझ्या हातचं अत्तर नगं, आन् दारूचा वास बरा?"

"तसं नाही हो मावशी."

"अगं, लावून घे की एवढंसं," आई मागून म्हणाली. "काय बिघडतंय?"

काय बिघडतंय! माझी दोन वर्षं बिघडत होती, आणि हे त्या खोलीत एकीलाही सांगून कळणार नव्हतं. मावशीनं माझं मनगट पकडलं आणि काडी टेकवली. मी हात हिसडला. मुद्दाम नव्हे, पण जोरात, हे खरं. कुपी उडाली, फरशीवर पडली आणि फुटली. केवड्याचा असा भपका उठला की डोळ्यांत पाणी आलं. वहिनी किंचाळली, "माझ्या आईवर हात उचलला हिनं!"

दादा बाहेरच्या खोलीत बसला होता. तो आत आला. कोणाला काही विचारलं नाही. आधी थोबाडीत दिली. मी पडले नाही. वाणाच्या तिळगुळाचं स्टीलचं तबक हाताशी होतं, ते उचललं आणि काठावर धरून त्याच्या कपाळावर हाणलं. तिळगूळ सगळीकडे उडाला. त्याची भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. आणि त्यानं मूठ वळून माझ्या नाकावर मारली. ज्या हाताला मी लहानपणी चावले होते, त्याच हाताची.

कड् असा आवाज झाला. तो मला कानानं नाही, डोक्याच्या आतून ऐकू आला. मागं दाराच्या चौकटीवर माझं डोकं आपटलं. तोंडात रक्त आलं. आणि त्याही अवस्थेत मी श्वास घेतला, तेव्हा नाकात केवडा होता. केवडा आणि रक्त. त्यानंतर आजपर्यंत मला कशाचाही वास आलेला नाही.

दवाखान्यात आई डॉक्टरांना म्हणाली, "पायरीवरनं पडली." मी म्हणाले, "भावानं मारलं." डॉक्टरांनी विचारलं, पोलिसांत कळवायचं का. आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी तिला कधी माफ करणार नाही. मी नको म्हणाले. शेजारच्याच खाटेवर दादाच्या भुवईला टाके घालत होते. दोघं भावंडं एकाच पडद्याच्या दोन बाजूंना पडलो होतो आणि तो पलीकडून कण्हत होता, त्याचं मला बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याशिवाय चाखणी झाली. इतरांनी बिअर पास केली. माझं फोनवर अभिनंदन करण्यात आलं.

नवरा गाडीवरून उतरला तो थेट शिरूरला यायला निघाला, हातात लोखंडी पाना घेऊन. मी फोनवरच ओरडले, "तू आत गेलास तर माझं नाक येणार आहे का परत?" पाना त्यानं ठेवून दिला. पण मला घेऊन गेला तो दौंडलाच. माहेरचं राहणं त्या दिवशी संपलं. सणसवाडीत मी भाड्याची खोली घेतली.

सूज उतरली, हाड सरळ झालं, वास आला नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं, नाकाच्या वर चाळणीसारखं हाड असतं, त्याच्या भोकांतून केसासारख्या नसा मेंदूत जातात, फटक्यानं त्या तुटल्यात. येतील तर वर्षभरात येतील. जीभ शाबूत आहे, पण जिभेला कळतं किती? गोड, आंबट, खारट, कडू आणि फार तर मिरचीचा चटका. बाकी सगळी चव नाकाचीच असते. त्यांनी व्यायाम दिला: लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ एकेक नाकाशी धरायचं आणि तो वास आठवायचा. मी कारखान्यातल्या शौचालयात उभी राहून लवंग हुंगायची. गॅस चालू राहिलेला कळायचा नाही. दूध नासलेलं कळायचं नाही. भाकरी म्हणजे कोमट पुठ्ठा. एकदा रागानं निलगिरीची बाटली भिंतीवर फोडली, तर शेजारीण धावत आली, वासानं तिला ठसका लागला. मी आपली काचा वेचत बसले.

उन्हाळ्यात मी हट्ट धरला की माझी परीक्षा घ्या. आमच्यात एक साधी परीक्षा असते. तीन ग्लास ठेवतात, दोन ग्लासांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कुठली ते ओळखायचं. पास झाले तर टेबलावरची खुर्ची परत. आमचे मुख्य ब्रुअर बंगळूरचे, भला माणूस, म्हणाले, "मॅडम, जल्दी नहीं है।" मी म्हणाले, मला आहे. त्यांनी वेगळ्या ग्लासात माझीच राय घातली होती, माझ्यावर दया म्हणून. मी तिन्ही ग्लास हुंगले. तिन्ही चाखले. तीन ग्लास कडू पाणी. मी मधला उचलला. त्यांनी मान खाली घातली, तेव्हा कळलं. मी स्वतःची बिअर ओळखली नाही. त्या दिवशी मी खोलीवर येऊन उशी दातांनी फाडली, खोटं नाही सांगत. दुसऱ्या दिवसापासून मला बाटल्यांच्या लाइनवर घातलं, झाकणं नीट बसतात का बघायला.

दिवाळी आली. भाऊबीजेला दादा दौंडला आला.

न बोलावता आला. भुवईतली खाच नीट बुजली नव्हती, तिथे केस उगवले नव्हते. हातात मिठाईचा पुडा, साडी आणि एक लहानशी डबी. दारात उभा राहून म्हणाला, "हाय का घरात?" मी समोरच उभी होते. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "येऊ दे."

पाट मांडला. रांगोळी काढली. तो बसला. मी ओवाळलं. त्यानं ती डबी पुढं केली. आत केवड्याच्या अत्तराची कुपी होती. "मावशींनी दिलीया. म्हणल्या, भाऊबीजंला तिच्या हातनं लावून घे, मंजी मिटलं."

मिटलं! मी निरांजनाचं ताट खाली ठेवलं, उठले आणि फ्रिजमधून माझ्या बिअरची बाटली काढली. बाजारात आलेल्या पहिल्या मालातली. ग्लासात ओतली, जशी ओततात तशी, कडेनं आणि मग सरळ. तांबूस, जराशी गढूळ, वर दाट साय. ओवाळल्यावर भावाचं तोंड गोड करतात. मी ग्लास त्याच्यापुढं धरला.

"सणाच्या दिवशी? पाटावर?" तो घाबरला.

"रोज ढोसतोस ना? पी की."

त्यानं ग्लास तोंडाला लावला, घटाघटा प्यायच्या बेतात. मी त्याचं मनगट पकडलं. "असं नाही. आधी वास घे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग नाक ग्लासात घातलं. थांबला. परत घातलं.

"संत्रं सोलल्यावानी येतंय," तो म्हणाला.

माझ्या छातीत कोणीतरी लाथ घातली. "अजून?"

"हिरवं कायतरी. नदीकाठचं पाणकणीस कापलं का येतो न्हाई का, तसला वल्ला वास."

"आता घोट घे. थोडा. तोंडात फिरव."

त्यानं घेतला. तोंड वाकडं केलं आणि गिळला. मग हळूच म्हणाला, "कडू लई हाय. पण गिळल्यावर... आईची भाकर करपती ना कडंला, तसं लागतंय. आन् मागनं मिरी." त्यानं दुसरा घोट घेतला, मला न विचारता. "ही तू केलीस?"

सगळं होतं. वर संत्रं, मध्ये कडू, खाली भाकरी, शेवटी मिरी. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. ज्या माणसानं उभ्या जन्मात प्यायच्या आधी वास घेतला नव्हता, त्या माणसाला सगळं आलं. ज्यानं माझं नाक फोडलं, त्याच्या नाकात माझी बिअर जशीच्या तशी शिरली, आणि मला ती कधीच कळणार नाही. मला इतका आनंद झाला की रडू आलं, आणि त्याच क्षणी वाटलं, ही बाटली याच्या टाळक्यात घालावी. दोन्ही खरं होतं.

मी अत्तराची कुपी उघडली. त्याचा उजवा हात ओढला, उलटा केला. काडी नाही, थेंब नाही, सगळी कुपी त्याच्या मुठीच्या हाडांवर रिकामी केली आणि अंगठ्यानं चोळत राहिले. कातडी लाल झाली. नवरा आतून खोकायला लागला.

"बास की गं," दादा म्हणाला. "डोकं उठलं. नाकात जळतंय."

मी त्याचा हात नाकाशी धरला आणि जिवाच्या आकांतानं श्वास ओढला. एकदा. परत एकदा. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"आला?" त्यानं विचारलं. त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

काहीच नाही. तेव्हा मी त्याच हाताला, त्याच जुन्या वणावर, होता नव्हता तेवढा जोर लावून चावले. आधी कडू लागलं, ते अत्तर. मग खारट. तेवढं मला अजून कळतं. दादानं हात ओढून घेतला नाही.